सुंगटाची औषधं

आमच्या सशाचं नाव सुंगट. झोपला की कोळंबीसारखा वळतो, म्हणून लेकीनं ठेवलं. सोमवारी आमच्या घरी मासळी शिजत नाही, पण सुंगटाच्या नावानं दिवसातून पन्नास हाका मारलेल्या चालतात. लेक नोकरीला पुण्याला गेली आणि ससा इथं गोव्यात, फोंड्यात राहिला, माझ्या गळ्यात. तेव्हा तो चार वर्षांचा होता, आता दहावं चालू आहे. घरात नीट सांभाळलेला ससा आठ ते बारा वर्षं जगतो. म्हणजे सुंगट आणि मी आता साधारण एकाच वयाचे. गुडघे दोघांचेही गेलेत.

त्याला रोज दोन औषधं चालू आहेत, मध्येमध्ये तिसरंही येतं. गेल्या तीन वर्षांत जे शिकलो ते लिहितोय. पण सुरुवात माझ्या मूर्खपणापासून केलेली बरी.

मी तीस वर्षं फार्मसीच्या काउंटरमागं उभा राहिलो. आमच्याकडं फार्मसीतल्या माणसाला गिऱ्हाइकं सर्रास ‘डॉक्टर’ म्हणतात, आणि तीस वर्षं ऐकून ऐकून ते थोडं खरंही वाटायला लागतं. सुंगट सहा वर्षांचा असताना शिंकायला लागला, नाकातून पांढरट पाणी. मी लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं ड्राय सिरप काढलं, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घातलं, वजनावर डोस बसवला आणि पाजला. गोड गुलाबी औषध, त्यानं मिटक्या मारत घेतलं. दुसरा डोसही घेतला. रात्री लेकीचा फोन आला तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं. पलीकडं क्षणभर काही आवाजच नाही. मग, “बाबा, सशाला तोंडानं अमॉक्सिसिलिन? तुम्ही तीस वर्षं केलंत काय?”

पुढचे चार दिवस पातळ शी, सलाईन आणि पणजीच्या फेऱ्या. वाचला, पण थोडक्यात.

झालं असं की सशाचं पचन आपल्यासारखं पोटात होत नाही. त्याचं आंधळं आतडं पोटापेक्षा कितीतरी मोठं असतं आणि त्यात जंतूंची अख्खी वस्ती नांदते. गवत पचवायचं काम ती वस्ती करते. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन आणि तोंडानं द्यायची सेफॅलोस्पोरिनं त्यातल्या कामाच्या जंतूंना मारतात. मग क्लोस्ट्रिडियम नावाच्या वाईट जंतूला रान मोकळं मिळतं आणि त्याच्या विषानं ससा दोन-तीन दिवसांत जाऊ शकतो. सशाला एन्रोफ्लॉक्सॅसिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, मेट्रोनिडाझोल अशी अँटिबायोटिक देतात. पेनिसिलिनसुद्धा देतात, पण ते कातडीखाली इंजेक्शननं आणि डॉक्टरच्याच हातून. एकच औषध तोंडावाटे गेलं तर विष आणि सुईनं गेलं तर उपचार, हे तीस वर्षं औषधं विकूनही मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा पहिली गोष्ट, घरातल्या कपाटातलं काहीही नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. खाजेवरची ती ट्यूब नको, ज्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड तिन्ही एकत्र असतात. सशाला स्टिरॉइड मुळीच झेपत नाही, प्रतिकारशक्ती कोसळते. शिवाय लावलेलं मलम तो पाच मिनिटांत चाटून टाकतो, म्हणजे ते पोटात गेलंच. डोळ्यांच्या थेंबांतही स्टिरॉइड असतं, ते वाचून घ्या. कुत्र्याच्या गोचिडांचा फिप्रोनिलचा स्प्रे तर सशाच्या जवळपाससुद्धा नको, त्यानं ससे मेलेले आहेत. सर्दीला वाफ, पोटाला ओवा, गुडघ्याला बाम, हे सगळं आपल्याला.

बाटलीवरचा आकडा

सुंगटाचं मुख्य औषध मेलोक्सिकॅम, सांधेदुखीचं. मागच्या पायांचे सांधे आणि कण्याचा खालचा भाग झिजलाय. भारतात जनावरांना हेच औषध जास्त का दिलं जातं याला गिधाडांची एक कथा आहे. गुरांना डायक्लोफेनॅक द्यायचे, ती मेली की गिधाडं खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. 2006 साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित ठरलं होतं, ते पुढं आलं. 2023 साली केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झालं. आमच्या सशाला कुठलं गिधाड खाणार आहे म्हणा, पण त्या निमित्तानं औषध बरं मिळालं.

आता हिशेब. डॉक्टरांनी सुंगटाला दर किलोला 0.5 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, असं ठरवलं. वजन तेव्हा 1.8 किलो, म्हणजे 0.9 मिलिग्रॅम. बाटलीत एका मिलिलिटरला 1.5 मिलिग्रॅम औषध, म्हणून 0.6 मिलिलिटर. हा आकडा आमचा आहे, तुमचा डॉक्टरच देतील. सांगायचं ते वेगळंच. मेलोक्सिकॅमची बाटली दोन ताकदींत येते, कुत्र्यांची 1.5 ची आणि मांजरांची 0.5 ची. एकदा कुत्र्यांची मिळाली नाही म्हणून मी मांजरांची आणली आणि सवयीनं 0.6 भरलं. आठवडाभर सशाला तिसरा हिस्सा औषध जात होतं, आणि मी मात्र लेकीला सांगतोय की औषध लागू पडेनासं झालंय. हे उलट झालं असतं तर तिप्पट गेलं असतं. नवी बाटली घरात आली की आधी तिच्यावरचा मिलिग्रॅमचा आकडा मोठ्यानं वाचायचा, मग बूच उघडायचं.

आणखी एक खोच आहे. कुत्र्याच्या काही बाटल्यांसोबत सिरिंज येते, तिच्यावर मिलिलिटर नसतात, किलो असतात. वाटतं, छान, दोन किलोच्या खुणेला भरलं की झालं. पण त्या खुणा कुत्र्याच्या मात्रेच्या. कुत्र्याला रोजची मात्रा दर किलोला 0.1 मिलिग्रॅम असते. ससा हे औषध फार लवकर शरीराबाहेर टाकतो, त्यामुळं त्याला दर किलोला कित्येक पट जास्त लागतं. डॉक्टरांची चिठ्ठी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, दशांश चिन्ह चुकलंय. फोन करून विचारलं. चुकलं नव्हतं. विचारल्याबद्दल ते रागावलेही नाहीत, आणि ही माझ्या लेखी चांगल्या डॉक्टरची खूण.

सिरिंज एक मिलिलिटरची घ्या, शंभर बारीक रेघांची. इन्सुलिनची घेऊ नका. तिच्यावर युनिट असतात, आणि आपल्याकडं चाळीस युनिटांना एक मिलिलिटर आणि शंभर युनिटांना एक मिलिलिटर अशा दोन्ही जातींच्या मिळतात. 0.6 मिलिलिटर एकीवर 24 ची रेघ, दुसरीवर 60 ची. सकाळी चष्मा न लावता हे गणित करायचं नसतं. बाटली दरवेळी हलवायची, तळाशी औषध बसतं. न हलवता दिलं तर महिनाभर पाणी आणि शेवटच्या आठवड्यात रबडी. आणि लेबलावर दुसरं काही मिसळलेलं नाही ना, हेही बघा. गुरांच्या काही औषधांत मेलोक्सिकॅमबरोबर पॅरासिटामॉल असतं.

वजन दर रविवारी. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा, वर प्लास्टिकची टोपली, टोपलीत टॉवेल, टॉवेलवर सुंगट. म्हातारा ससा महिन्याकाठी शंभर ग्रॅम कधी उतरतो ते अंगावरच्या केसांमुळं दिसत नाही, काटाच सांगतो. 1.8 वरून 1.65 वर आला तेव्हा डॉक्टरांनी डोस 0.55 केला आणि दात तपासायला बोलावलं. दाढेला टोक आलं होतं. आम्ही सांध्यांना दोष देत बसलो होतो, आणि तो तोंड दुखतं म्हणून गवत टाकत होता.

पाजणं

मांडीवर उताणा करून पाजणारे लोक मी पाहिलेत. करू नका. उताणा ससा गप्प पडतो तो भीतीनं, आणि औषध श्वासनलिकेत जायची भीती वेगळीच. सशाचा कणा हलका, मागचे पाय जोरकस. हवेत एक झटका दिला तर स्वतःचाच कणा मोडून घेतो. म्हणून पाजताना नेहमी खाली, जमिनीवर.

माझी पद्धत अशी. मी सतरंजीवर गुडघ्यांवर बसतो, पाय मागं वळवून, आणि सुंगटाला दोन गुडघ्यांच्या मध्ये घेतो, त्याचं तोंड बाहेर, ढुंगण माझ्याकडं. मागं पळायला जागा उरत नाही. जुना टॉवेल पाठीवरून छातीखाली आणतो, आवळत नाही. डावा तळवा डोळ्यांवरून कपाळावर, उजव्या हातात सिरिंज. सशाचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, ओठाच्या कडेनं आत गेलं की थेट तिथं पोचतं. सिरिंजचं टोक तिथं आडवं सरकवायचं, घशाच्या दिशेनं नाही. डोकं वर करायचं नाही. दोन-तीन थेंब, मग थांबायचं. जबडा हलला, गिळला, मग पुढचे. 0.55 मिलिलिटरला मला पाऊण मिनिट लागतं. घाई केली की औषध हनुवटीवरून ओघळतं, आणि मग किती आत गेलं ते देवालाच ठाऊक. ओघळलं तर अंदाजानं पुन्हा भरू नका, आणि विसरला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

ओघळलेलं लगेच पुसा. आमच्या घरात गोड सिरपचा थेंब सांडला की दहा मिनिटांत मुंग्यांची रांग. एकदा सुंगटाच्या गळ्याखाली चिकट राहिलं, आणि रात्री तो पाय आपटायला लागला तेव्हा पाहिलं तर लाल मुंग्या. तेव्हापासून ओला रुमाल हाताशी, आणि बाटली पाणी घातलेल्या बशीत उभी.

कडू औषधांसाठी, एन्रोफ्लॉक्सॅसिन त्यातलं, केळ्याचा लगदा. म्हापशाच्या बाजारातली मोयराची केळी मी त्यासाठी वापरतो, पण बोटाच्या पेराएवढाच तुकडा. साखर जास्त झाली की आतड्यातली तीच वस्ती बिघडते. मात्र रोज केळ्यातून कडू दिलं तर चौथ्या दिवशी तो केळ्यालाही तोंड लावत नाही, आणि आपला हुकमाचा पत्ता गेला. म्हणून औषध सिरिंजनं, केळं नंतर बक्षीस. गोळ्या कुटायच्या असल्या तर विचारून कुटा. आतड्यात विरघळणारं वेष्टन असलेली किंवा हळूहळू सुटणारी गोळी कुटली की तिचा अर्थच जातो.

बिघाड कशाचा

आता जे सगळ्यात अवघड आहे ते. कुत्रा ओकतो, विव्हळतो, लंगडतो. सशाला ओकताच येत नाही, आणि दुखणं तो लपवतो, कारण रानात ज्याचं दुखणं दिसलं तो संपला. त्यामुळं औषध बाधलं तरी तो कोपऱ्यात बसतो आणि खात नाही. औषध कमी पडून दुखत असलं तरी कोपऱ्यात बसतो आणि खात नाही. गरम झालं, दात दुखला, गॅस धरला, तरी तेच. बाहेरून सगळ्याचं चित्र एक. ओळखायला आपल्या हाती एकच गोष्ट उरते, काय आधी झालं आणि काय नंतर.

म्हणून वही. शाळकरी शंभर पानी, फ्रिजला दोरीनं बांधलेली. तारीख, वेळ, औषध, किती, त्यानंतर कधी खाल्लं, किती पाणी प्याला, लेंड्या. अंदाजे ‘सकाळी’ असं लिहायचं नाही, आठ वाजून वीस मिनिटं असं. गॅबापेंटिन सुरू केलं तेव्हा वहीचा उपयोग कळला. हे नसांच्या दुखण्याचं औषध. पहिल्या आठवड्यात तो संध्याकाळी झुलायचा, मागचे पाय फाकायचे. लेक घाबरली, मान वाकडी होण्याचा आजार तर नाही ना म्हणून. वहीत पाहिलं तर झुलणं दरवेळी डोस दिल्यानंतर दीड-दोन तासांनी, आणि रात्री अकरापर्यंत साफ ओसरलेलं. आजार असा घड्याळ बघून येत नाही. डॉक्टरांनी मात्रा थोडी कमी केली, झुलणं थांबलं. हे औषध आपल्या मनानं एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू उतरवतात.

आणि एका वेळी एकच बदल. मेलोक्सिकॅम वाढवलं, त्याच दिवशी नवी पेंड आणली, त्याच दिवशी पिंजऱ्याची जागा हलवली, आणि मग तिसऱ्या दिवशी तो बिघडला तर कुणाला धरणार?

लेंड्या मी कडधान्यावर मापतो. हरभऱ्याएवढ्या, गोल, फोडल्यावर आत गवताचा भुसा, हे ठीक. तुरीच्या दाण्याएवढ्या झाल्या तर आतडं मंदावतंय. मुगाएवढ्या, काळ्या, कडक आणि मोजक्या झाल्या की फोन. केसांनी एकमेकींत ओवलेल्या असल्या, जपमाळेसारख्या, तर गवत आणि पाणी कमी पडतंय. डांबरासारखी काळी चिकट शी दिसली तर मेलोक्सिकॅमनं पोटात जखम केली असू शकते, पुढचा डोस न देता डॉक्टरांना कळवायचं. अगदी पातळ शीलाही तेच, आणि त्याच तासाला.

मात्र यातली एक फसगत मी स्वतः केली. सुंगटाच्या ढुंगणाला मऊ, चकचकीत, वास मारणारे घोस चिकटलेले दिसले. हिरव्या मिरीचा घोस असतो ना, तसे, फक्त काळपट. मी ठरवलं, औषधानं जुलाब झाले. जुलाब नव्हते. ससा दिवसातून एकदा-दोनदा खास मऊ विष्ठा टाकतो आणि थेट तोंडानं घेऊन गिळतो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. म्हाताऱ्याची कंबर वाकत नाही, तोंड पोचत नाही, ती तिथंच राहते. म्हणजे औषध बाधलं नव्हतं, ते कमी पडत होतं! बंद करायला निघालो होतो, डॉक्टरांनी उलट वाढवलं, आणि आठवड्यात ढुंगण स्वच्छ.

तसंच लघवीचं. लालसर, बिटाच्या रसासारखी लघवी दिसली की घरात आरडाओरडा होतो. पाल्यातल्या रंगानं सशाची लघवी केशरी-लाल होऊ शकते. शंका असली तर फडक्यावर टिपून दवाखान्यात न्या, तपासणीत रक्त की रंग ते कळतं. पांढरट, खडू कालवल्यासारखीही थोडीफार चालते, ससा जास्तीचं कॅल्शियम लघवीवाटेच टाकतो. गाळ पडायला लागला, कुंथायला लागला, तर नाही चालत.

पाण्याचा हिशेब मात्र रोज ठेवा, कारण मेलोक्सिकॅमचा खरा धोका मूत्रपिंडाला. सकाळी जड चिनी मातीच्या वाडग्यात 300 मिलिलिटर ओततो, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजतो. बाटलीच्या नळीपेक्षा वाडग्यातून ससे जास्त पितात. एकाएकी दीडपट-दुप्पट प्यायला लागला तर मूत्रपिंडं थकली असतील. ते कळेपर्यंत थांबायला नको म्हणून दर चार महिन्यांनी रक्त तपासतो. खर्च होतो, पण याच्याखेरीज वर्षानुवर्षं हे औषध देणं म्हणजे अंधारात विहिरीच्या काठानं चालणं.

दुखणं ओळखायलाही आता पट्टी आहे, 2012 साली सशांच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत प्रसिद्ध झाली. डोळे किती मिटलेत, गाल किती चपटे, नाकाचा आकार, मिशा ताठ की कशा, कान कुठं. मी एवढं मोजत नाही. अर्धे मिटलेले डोळे आणि दात करकर वाजवणं दिसलं की वहीत फुली मारतो. लाड करताना वाजतात ते दात वेगळे, हलके, आणि त्या वेळी मान पसरलेली असते.

आमची हवा

एप्रिल-मेमध्ये फोंड्यात पारा 34 वर आणि हवा ओल्या टॉवेलासारखी. सशाला घाम येत नाही, उष्णता कानांवाटे जाते, आणि 28-30 च्या पुढं त्याचे हाल सुरू होतात. उष्म्यानं पाणी कमी झालेल्या सशाला मेलोक्सिकॅम दिलं तर मूत्रपिंडावर दुहेरी मार. म्हणून ज्या दिवशी वाडग्यातलं पाणी नेहमीइतकं उतरलेलं नसतं, त्या दिवशी डोस द्यायच्या आधी मी डॉक्टरांना विचारतो. बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवतो, पाला निथळता देतो. वीज जायची ती दुपारीच जाते, तेव्हा सुंगट लाल फरशीवर, बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत. पण गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्याचे पाय घसरतात, म्हणून मध्ये सतरंजीची वाट अंथरलेली, सुस्ती आणणाऱ्या गॅबापेंटिननंतर तर हवीच.

पावसाळ्यात तिसरीच तऱ्हा. गोळ्या पाकिटातून काढून डबीत ठेवल्या की आठवड्यात मऊ पडतात. पट्टीतच ठेवा, हवाबंद डब्यात, खाली सिलिका जेलच्या पुड्या. सिरप फ्रिजमध्ये घालायचं की नाही ते लेबल वाचून. आणि माश्या. गॅबापेंटिननं सुस्तावलेला, ढुंगण ओलं असलेला ससा माश्यांना आयताच सापडतो. अंडी घातली की दिवसभरात अळ्या, आणि अळ्या जिवंत कातडी खातात. जून ते सप्टेंबर मी सकाळ-संध्याकाळ शेपूट उचलून बघतो, केस कातरलेले ठेवतो, खिडकीला जाळी. लाज वाटायचं कारण नाही, म्हाताऱ्या माणसाचंही करतोच की.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आणि दिवाळीआधीची नरकासुराची रात्र या आणखी दोन कटकटी. गणपतीच्या वर रानफळं बांधून टांगतात ती माटोळी, तिची कांगलां, कवंडाळं ही फळं खाली पडतात, ती त्याच्या तोंडाशी येऊ देऊ नका. नरकासुराच्या रात्री पहाटेपर्यंत डीजे, घराच्या काचा थरथरतात, आणि धसक्यानं सशाचं आतडं बंद पडू शकतं. त्या रात्री मी त्याच्याजवळ मागच्या खोलीत झोपतो आणि औषधांसोबत सिरिंजनं भरवायच्या ताकदीच्या पावडरचं पाकीट आधीच आणून ठेवतो, कारण सकाळी दिवाळी, आणि दिवाळीत दवाखाना उघडा मिळेलच असं नाही.

आतडं बंद पडल्याचा नियम बहुतेक ठिकाणी बारा तास सांगतात, तेवढा वेळ खाल्लं नाही आणि लेंडी नाही तर दवाखाना. औषधांवर असलेल्या म्हाताऱ्याला मी आठ तासांच्या वर थांबत नाही. कान गार लागले तर आठही नाही. पोट ढोलासारखं टणक असलं तर सिरिंजनं भरवायला जाऊ नका, अडथळा असेल तर भरवण्यानं फुटेल. आतड्याची हालचाल वाढवणारी औषधंही तशीच, अडथळा नाही हे डॉक्टरांनी पाहिल्यावरच. बाळांचे गॅसचे थेंब मी देऊन पाहिलेत. अपाय झाला नाही, उपाय झाला असंही शपथेवर सांगणार नाही. शेजारच्या काकी दही सुचवतात. दूध सोडलेल्या सशाला दही कशाला?

आम्हाला सशाचं कळणारे डॉक्टर पणजीला, तीसेक किलोमीटर. निघताना बाटल्याच सोबत घेतो, फोटो नव्हे, आणि वही. पिंजऱ्यात गवत असतंच. सशाला भुलीआधीही उपाशी ठेवत नाहीत. ओकत नाही तर उपाशी कशाला ठेवायचा? कुणी सांगितलंच तर नम्रपणे दोनदा विचारा.

शेजारणीच्या हाती

चवथीला आम्ही सत्तरी तालुक्यात मूळ घरी जातो. सुंगट आता प्रवास सोसत नाही, तेव्हा दोन दिवस शेजारच्या काकींकडं काम. त्यांना मिलिलिटर-मिलिग्रॅम काही सांगितलं नाही. सिरिंजवर 0.55 च्या रेघेला बायकोच्या नेलपॉलिशची लाल खूण केली. आधीच भरून ठेवलेल्या सिरिंजा देण्याचा मोह झाला होता, पण औषध सिरिंजमध्येही खाली बसतं. आठवडाभर आधी तीन संध्याकाळी त्यांच्याच हातून पाजून घेतलं, मी फक्त बघत बसलो. बाटलीला चिठ्ठी, ‘वीस वेळा हलव’. फ्रिजवर डॉक्टरांचा नंबर आणि माझा, आणि खाली एकच ओळ, खाल्लं नाही तर औषध न देता आधी फोन.

परत आल्यावर वही उघडली. काकींच्या गोल अक्षरात पहिल्या दिवसाची नोंद: ‘8.30. तांबड्या खुणेमेरेन. केळें खालें. चाबूंक ना.’ म्हणजे लाल खुणेपर्यंत दिलं, केळं खाल्लं, चावला नाही. दुसऱ्या दिवशीची: ‘8.40. तांबड्या खुणेमेरेन. केळें खालें. आनीक एक दिलें, तूं रागार जावं नाका.’